संकेतस्थळे दहा, पण दांडा एकच



सोलापूरहून पुण्याच्या दिशेने निघाले, की मोहोळ गाठण्यापूर्वी चिंचोळी एमआयडीसी लागते. रसायने, कापड, यंत्रांचे सुटे भाग अशा अनेक वस्तूंचे कारखाने येथे आहेत. त्यांपैकी एक कारखाना ‘प्रिसिजन कॅमशाफ्ट्स’ या १९९२ साली स्थापन झालेल्या कंपनीचा. नावाप्रमाणेच ही कंपनी मोटारींच्या इंजिनांत बसणारे कॅमशाफ्ट तयार करते.

कॅमशाफ्ट म्हणजे एक लांब दांडा. त्यावर ठरावीक अंतरांवर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात, त्यांना कॅम म्हणतात. दांडा फिरू लागला की प्रत्येक कॅम आपापली झडप नेमक्या क्षणी उघडतो. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक फेरा होतो. आता लक्षात घ्या, कॅम आठ असोत की सोळा, ते ज्यावर बसवले आहेत तो दांडा एकच असतो. त्याला फिरवणारा पट्टा तुटला, तर ‘तीन झडपा बंद पडल्या, पण पाच चालू आहेत’ असे होत नाही. सगळ्या झडपांचे काम एकदमच थांबते.

हा दांडा डोळ्यांपुढे ठेवून आपण आज एका वेगळ्याच विषयाकडे वळणार आहोत. अकरावी-बारावीचे विद्यार्थी अलीकडे वारंवार विचारतात, “सर, पाच-दहा वेबसाइट काढल्या आणि त्यांवर जाहिराती लावल्या, तर घरबसल्या महिन्याला किती पैसे मिळतील?” हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्यांच्या घरी पैशांची ओढाताण असते, त्या मुलांच्या दृष्टीने तर तो फार खरा आहे. म्हणून त्याचे उत्तर उपदेशाने न देता गणिताने द्यावे, असे मला वाटते.

माझे मत आधीच स्पष्ट सांगतो. संकेतस्थळांची संख्या वाढवल्याने उत्पन्न सुरक्षित होत नाही. उत्पन्नाचे मार्ग एकमेकांपासून खरोखर स्वतंत्र असतील, तरच ते सुरक्षित होते. हे का, ते आता पाहू.

पैसा येतो कोठून?

संकेतस्थळावर पट्टीसारखी जाहिरात दाखवण्याची सुरुवात २७ ऑक्टोबर १९९४ रोजी अमेरिकेतील ‘हॉटवायर्ड’ या संकेतस्थळावर झाली, असे मानले जाते. त्या वेळी जागा विकणारा आणि घेणारा यांना एकमेकांशी थेट बोलावे लागे. २००३ साली गूगलने ‘ॲडसेन्स’ ही योजना आणली आणि कोणत्याही छोट्या संकेतस्थळाला मध्यस्थामार्फत जाहिराती मिळण्याची सोय झाली. ॲडसेन्सने हिंदीला २०१४ च्या अखेरीस प्रवेश दिला, आणि मराठीला त्यानंतर.

तुम्ही एखादे पान उघडता, तेव्हा ते पडद्यावर पूर्ण उमटण्याच्या आतच एक लिलाव होऊन जातो. वाचक कोणत्या देशातला आहे, पान कोणत्या विषयाचे आहे, दिवाळीचा हंगाम आहे की नाही, अशा गोष्टी पाहून जाहिरातदारांची यंत्रे बोली लावतात. जो जिंकेल त्याची जाहिरात तुम्हाला दिसते. जाहिरातदाराने गूगलमार्फतच जागा घेतली असेल, तर त्याच्या १०० रुपयांपैकी सरासरी सुमारे ६८ रुपये संकेतस्थळाच्या मालकाला मिळतात, असे गूगलने स्वतः जाहीर केले आहे. बाकीचे मध्यस्थांकडे राहतात. पूर्वी मुख्यतः जाहिरातीवर कोणी क्लिक केले तरच पैसे मिळत. २०२४ च्या सुरुवातीपासून ॲडसेन्समध्ये जाहिरात दिसण्याच्या संख्येवर पैसे मोजले जातात.

म्हणजे येथे विकला जाणारा माल कोणता? तुमचा लेख नव्हे. तो लेख वाचणाऱ्या माणसाचे लक्ष हा तो माल होय. ही गोष्ट पुढे पुन्हा लागणार आहे, म्हणून ध्यानात ठेवा.

दोन प्रकारचे आरपीएम

चिंचोळीच्या कारखान्यात ‘आरपीएम’ म्हटले तर त्याचा अर्थ एका मिनिटात होणारे फेरे असा होतो. जाहिरातींच्या व्यवहारातही आरपीएम हाच शब्द वापरतात, पण तेथे त्याचा अर्थ एक हजार पाने पाहिली गेल्यावर मिळणारे उत्पन्न असा आहे. एकच शब्द, पण परिमाणे अगदी निराळी! भौतिकशास्त्रात आपण प्रत्येक राशीचे एकक लिहितो, ते याचसाठी.

आता एक हिशोब करू. यातील आकडे केवळ उदाहरणादाखल मानलेले आहेत. तुमच्या वेळी ते वेगळे असतील, पण हिशोबाची रीत तीच राहील.

मानू, की एका विद्यार्थ्याने १० संकेतस्थळे काढली. प्रत्येकावर महिन्याला १००० पाने पाहिली जातात आणि दर हजार पानांमागे ४० रुपये मिळतात. मग महिन्याचे उत्पन्न ४०० रुपये आणि वर्षाचे ४८०० रुपये झाले. आता खर्च पाहा. प्रत्येक संकेतस्थळाच्या नावासाठी वर्षाला ८०० रुपये धरू. दहा नावांचे ८००० रुपये झाले. पाने ठेवण्यासाठी सर्व्हरवर भाड्याने घेतलेल्या जागेचे वर्षाला २४०० रुपये धरले, तर एकूण खर्च १०,४०० रुपये होतो. म्हणजे वर्षाअखेर ५६०० रुपयांचा तोटा!

आता हीच १०,००० पाने एकाच संकेतस्थळावर वाचली गेली असे माना. उत्पन्न तेच ४८०० रुपये. खर्च मात्र ८०० अधिक २४००, म्हणजे ३२०० रुपये. शिल्लक १६०० रुपये. नावे दसपट केली तर नावांचा खर्च दसपट होतो, पण वाचक आपोआप दसपट होत नाहीत. कारण वाचक नावामुळे येत नाही, नावामागे काही वाचण्यासारखे असले तर येतो.

आणि ही १६०० रुपयांची शिल्लकही नीट पारखून घ्यावी. रोज एक तास काम केले, तर वर्षाचे ३६५ तास झाले. १६०० ला ३६५ ने भागले, तर तासाला साडेचार रुपयेसुद्धा पडत नाहीत. शिवाय डॉलरमध्ये हिशोब होणाऱ्या ॲडसेन्सच्या खात्यात किमान १०० डॉलर जमल्याशिवाय पैसे बँकेत पाठवले जात नाहीत. डॉलर ९० रुपयांचा धरला, तर महिना ४०० रुपयांच्या चालीने ९००० रुपये जमायला २३ वा महिना उजाडेल. नावांच्या नूतनीकरणाची बिले मात्र त्याआधीच आलेली असतील.

वर्गमूळाचा धडा

अनेक संकेतस्थळे चालवणारा माणूस रोज सकाळी आकडे पाहतो. काल ‘अ’ वर ९ वाचक आले, ‘ब’ वर १३. लगेच तो ठरवतो, की ‘ब’ चांगले चालते, ‘अ’ बंद करावे. हा निर्णय शास्त्रीय म्हणता येईल का?

किरणोत्सारी पदार्थापासून निघणारे कण गायगर गणकाने मोजताना आपण एक नियम वापरतो. स्वतंत्रपणे आणि अचानक घडणाऱ्या घटनांची संख्या मोजली, तर तिच्यातील स्वाभाविक चढउतार त्या संख्येच्या वर्गमूळाएवढा असतो. ९ मोजले तर चढउतार ३ चा, म्हणजे ३३ टक्के. १०० मोजले तर १० चा, म्हणजे १० टक्के. १०,००० मोजले तर १०० चा, म्हणजे अवघा १ टक्का. वाचकांच्या बाबतीत हा चढउतार प्रत्यक्षात याहून बराच मोठाही असतो, कारण वाचक कणांइतके स्वतंत्र नसतात. एकाने दुसऱ्याला दुवा पाठवला की दहाजण एकदम येतात.

९ आणि १३ यांतील फरक ४ चा. या फरकातील अनिश्चितता २२ च्या वर्गमूळाएवढी, म्हणजे सुमारे ४.७ आहे. फरकापेक्षा त्यातील अनिश्चितताच मोठी! अशा आकड्यांवरून एका संकेतस्थळाला शाबासकी देणे आणि दुसऱ्याला शिक्षा करणे म्हणजे नाणेफेकीवरून परीक्षेचा निकाल लावण्यासारखे आहे.

हे तुम्हाला स्वतः पडताळता येईल. शाळेच्या खिडकीतून रस्ता दिसत असेल, तर एका मिनिटात किती वाहने गेली ते मोजा. अशी वीस मिनिटांची वीस मोजमापे घ्या. सरासरी काढा आणि प्रत्येक मोजमाप सरासरीपासून किती दूर आहे ते लिहा. जवळ सिग्नल असेल, तर वाहने घोळक्याने येतील आणि चढउतार वर्गमूळापेक्षा मोठा दिसेल. तो का, यावरही वर्गात चर्चा करा. छोटी संख्या किती चंचल असते, हे एकदा हाताने मोजले की कायमचे समजते.

‘एकाच विहिरीवर विसंबू नये’

यावर कोणी म्हणेल, “पण सर, शहाणा शेतकरी एकाच विहिरीवर विसंबत नाही. एक संकेतस्थळ आटले तर दुसरे चालेल.” युक्तिवाद बिनतोड वाटतो, आणि एका अटीवर तो खराही आहे. चार मार्ग सारख्याच उत्पन्नाचे आणि एकमेकांपासून स्वतंत्र असतील, तर एकूण उत्पन्नातील सापेक्ष चढउतार निम्मा होतो, कारण ४ चे वर्गमूळ २. पण ‘स्वतंत्र’ या शब्दावरच सारे अवलंबून आहे. सोलापूर जिल्ह्यातील शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. पहिल्या बोअरच्या शेजारीच दुसरे बोअर घेतले, तर पाणी दुप्पट होईलच असे नाही. अनेकदा दोन्हींत एकच पाणी वाटले जाते.

दहा संकेतस्थळांचेही असेच आहे. ॲडसेन्सच्या नियमानुसार एका व्यक्तीला एकच खाते मिळते, आणि तिची सगळी संकेतस्थळे त्या एका खात्याला जोडावी लागतात. एका संकेतस्थळावर मित्रांनी गंमत म्हणून जाहिरातींवर पटापट क्लिक केले, तर ते क्लिक अवैध ठरून पैसे कापले जातात. प्रकार गंभीर असेल तर खातेच बंद होते, आणि मग उरलेल्या निर्दोष नऊ संकेतस्थळांच्या जाहिरातीही थांबतात. कॅम दहा, पण दांडा एकच!

दुसरा समान दांडा म्हणजे वाचक येण्याचा मार्ग. बहुतेक छोट्या संकेतस्थळांवर वाचक शोधयंत्रातून येतात. २०२४ मध्ये गूगलने शोधाच्या पानावरच कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले सारांश दाखवायला सुरुवात केली, आणि त्याच वर्षी ते भारतातही आले. उत्तर तेथेच मिळाले, तर वाचक पुढे कशाला जाईल? मार्च २०२४ मध्ये याच कंपनीने आणखी एक धोरण जाहीर केले. केवळ शोधात वर येण्यासाठी घाऊक प्रमाणात तयार केलेली पाने, मग ती यंत्राने लिहिलेली असोत वा माणसाने, खाली ढकलली जातील किंवा काढली जातील. एका सायंकाळी यंत्राकडून शंभर लेख लिहवून दहा संकेतस्थळे भरणाऱ्यांनी हे विसरू नये. असा एक नियम बदलला की दहाही संकेतस्थळांना एकाच दिवशी फटका बसतो.

तिसरी गोष्ट जागेच्या मालकीची. एमआयडीसी कारखानदाराला भूखंड साधारणपणे ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देते. संकेतस्थळाचे नाव मात्र एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी, आणि बहुधा एकेका वर्षासाठीच घेतले जाते. नूतनीकरणाची तारीख चुकली, तर ते नाव दुसरा कोणीही घेऊ शकतो. दहा नावे म्हणजे अशा दहा तारखा सांभाळणे आले.

मग करावे काय?

पहिली गोष्ट म्हणजे, प्रयोगवहीसारखी एक वही घाला. प्रत्येक संकेतस्थळासाठी वेगळे पान ठेवा. त्यावर महिना, पाहिली गेलेली पाने, अंदाजित उत्पन्न, प्रत्यक्ष बँकेत आलेली रक्कम, खर्च आणि खर्ची पडलेले तास हे स्तंभ आखा. अंदाजित उत्पन्न आणि हाती आलेली रक्कम यांची गल्लत करू नका, कारण अवैध क्लिकांचे पैसे मागाहून वजा होतात. निर्णय रोजच्या आकड्यांवरून न घेता तीन महिन्यांच्या सरासरीवरून घ्या. नावांच्या नूतनीकरणाच्या तारखा वहीच्या पहिल्याच पानावर लिहा. प्रत्येक संकेतस्थळावर ‘ॲड्स डॉट टीएक्सटी’ नावाची छोटी फाइल ठेवावी. या संकेतस्थळावरील जागा विकण्याचा अधिकार कोणाला आहे, हे त्या फाइलमधून जाहीर होते. बनावट विक्रेत्यांना आळा घालण्यासाठी ही पद्धत २०१७ साली सुरू झाली.

दुसरी गोष्ट कायद्याची. ॲडसेन्सचे खाते उघडण्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. त्याआधी आईवडिलांनी किंवा पालकांनी आपल्या नावाने अर्ज करावा लागतो. भारतीय करार कायदा १८७२ नुसारही अल्पवयीन व्यक्ती करार करू शकत नाही. हे उत्पन्न आयकराच्या हिशोबात धरले जाते, म्हणून पालकांना अंधारात ठेवून हा उद्योग करू नये. वही नीट असेल, तर त्यांचेही काम सोपे होईल.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, ती म्हणजे दुसरा दांडा उभा करा. मध्यस्थाच्या जाहिराती हा एक मार्ग झाला. आपल्या परिसरातील एखाद्या वर्कशॉपची किंवा पुस्तकविक्रेत्याची जाहिरात पालकांच्या संमतीने थेट घेणे हा दुसरा, आणि लेखांची छोटी पुस्तिका करून विकणे हा तिसरा. मध्यस्थाचे खाते बंद पडले, तरी हे दोन बंद पडत नाहीत. याला खरे स्वातंत्र्य म्हणावे. मराठीतील ‘मायबोली’ हे संकेतस्थळ १९९६ साली, म्हणजे ॲडसेन्सच्या सात वर्षे आधी सुरू झाले. चर्चा, ललित लेखन, छोट्या जाहिराती असे विभाग त्याने एकाच नावाखाली वाढवले. दहा नावांच्या मागे धावण्यापेक्षा एका नावाला दहा फांद्या फुटू देणे हा मार्ग मला अधिक शहाणपणाचा वाटतो.

लक्ष कोणाचे आणि कशासाठी?

आता मघाची गोष्ट पुन्हा घेऊ. येथे विकले जाते ते वाचकाचे लक्ष. तुमचा वाचक बहुधा तुमच्याच वयाचा असेल. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमात १८ वर्षांखालील मुलांचा माग काढण्यास आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवण्यास मनाई करणारी तरतूद आहे. कायदेमंडळाला ही तरतूद का करावी लागली, याचा विचार करा. ‘तीन दिवसांत उंची वाढवा’ अशी जाहिरात विज्ञानाच्या लेखाशेजारी झळकली, तर पैसे तुम्हाला मिळतील, पण विश्वास तुमच्याच लेखावरचा उडेल. कोणत्या प्रकारच्या जाहिराती नकोत, हे मालकाला ठरवता येते. तो अधिकार वापरलाच पाहिजे.

आणि लिहायला विषय का थोडे आहेत? चिंचोळीचेच पाहा. ओतीव लोखंडाच्या कॅमशाफ्टचा कॅम इतका कठीण कसा होतो? साच्यात कॅमच्या जागी लोखंडाचे थंड तुकडे बसवलेले असतात. वितळलेला रस त्यांना टेकताच झपाट्याने निवतो आणि तेथे कठीण पांढरे लोखंड तयार होते. उरलेला दांडा सावकाश निवतो, म्हणून त्याचे लोखंड तेवढे ठिसूळ होत नाही. एकाच ओतकामात दोन गुण! सोलापुरी टेरी टॉवेल पाणी इतके चटकन का शोषून घेतो? त्याच्या धाग्यांच्या फासांत केशाकर्षण काम करते. अशा गोष्टी सोप्या मराठीत, आकृती काढून, कारखान्यातील जाणत्या कामगाराला विचारून लिहिल्या, तर त्यांचा वाचक केवळ शोधयंत्राच्या भरवशावर राहणार नाही. शिक्षक तो लेख वर्गात दाखवतील, आणि आयटीआयचा विद्यार्थी तो मित्राला पाठवील.

शिक्षकांनाही एक विनंती आहे. ‘वेबसाइटचा नाद सोड’ एवढेच सांगून विद्यार्थ्याला परत पाठवू नका. त्याला वही आणायला सांगा. त्या वहीत सरासरी आहे, त्रुटी आहे, एकके आहेत, नफा-तोटा आहे. एवढे गणित एका जागी आणि तेही मुलाच्या स्वतःच्या आवडीचे, असे क्वचितच मिळते.

तेव्हा मित्रांनो, ‘किती संकेतस्थळे काढू?’ हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. त्याऐवजी स्वतःला दोन प्रश्न विचारा. माझ्याजवळ सांगण्यासारखे काय आहे? आणि माझे सगळे कॅम एकाच दांड्यावर तर नाहीत ना? या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली, की संकेतस्थळांचा आकडा किती असावा हे तुमची वहीच तुम्हाला सांगेल. बहुधा तो आकडा एक असेल, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.